नदी नसलेलं मांडव

मांडवगडावर नदी नाही. विंध्याच्या एका सुट्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडं अधिक उंचीवर, माळव्याच्या सुलतानांची राजधानी सव्वाशे वर्षं नांदली आणि तिला पाणी पाजायला वाहता प्रवाह एकही नव्हता. नर्मदा दिसते, पण ती दक्षिणेला वीसेक किलोमीटर लांब आणि हजार-बाराशे फूट खाली, निमाडात. उत्तरेला काकडा खोहची दरी गडाला माळव्याच्या पठारापासून तोडते. अशा जागी शत्रू चढून येत नाही हे खरं, पण पाणीही चढून येत नाही. मांडवात जे काही उभं राहिलं ते पावसाच्या पाण्यावर उभं राहिलं. चार महिने पडलेलं पाणी आठ महिने पुरवायचं, या एका हिशेबावर मशिदी, महाल, हमाम, बागा आणि हजारो माणसं जगली.

मला मांडूचं, म्हणजे याच मांडवगडाचं, वेड लहानपणापासून आहे. माझी मावशी धारला राहायची आणि धारच्या मराठी घरांमध्ये श्रावणात एकदा तरी मांडूला जायचंच, असा जणू कुळाचार होता. डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, इंदुरी शेव. पस्तीस किलोमीटरचा रस्ता, वाटेत नालछा, मग दरीवरचा वळणाचा रस्ता आणि आलमगीर दरवाजाची कमान. गाडी कमानीखालून गेली की मावशी हात जोडायची. कुणाला ते मी तिला कधी विचारलं नाही. त्या वयात मला सुलतान बाज बहादूर आणि त्याची प्रेयसी रूपमती यांची गोष्ट ऐकायची असायची, आणि मांडूला येणाऱ्या बहुतेकांना आजही तेवढीच हवी असते. ती गोष्ट सुंदर आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण एका गोष्टीने एवढं मोठं गाव झाकून टाकलं आहे आणि त्याखाली दडलेलं पाणी आणि माणसं दिसेनाशी झाली आहेत, असं मला आता तीव्रतेने वाटतं.

पाण्यापासूनच सुरुवात करू. जहाज महाल सगळे पाहतात. सुमारे 120 मीटर लांब, 15 मीटर रुंद, मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध. पावसाळ्यात दोन्हीकडे पाणी भरलं की इमारत खरोखर तरंगते आहे असं वाटतं. लोक गच्चीवर जातात, छत्र्यांखाली उभं राहून फोटो काढतात आणि उतरतात. पायाखालच्या दगडात कोरलेली पन्हळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती सरळ जात नाही. एका ठिकाणी ती चकलीसारखी गोल गोल वळत आत शिरते आणि मग हौदाकडे जाते.

आमच्याबरोबर गावातले एक वयस्क गाइड होते. तिथे पोचल्यावर त्यांनी चिमूटभर माती पन्हळीत टाकली आणि बाटलीतलं पाणी सावकाश ओतलं. पाणी पहिल्या वळणाला जोरात गेलं, दुसऱ्याला मंदावलं. माती वळणाच्या कडेला धरून बसली. तिसऱ्या वळणापर्यंत पाणी निवळ झालं होतं. गच्चीवर पडलेलं पाणी गाळून, निवळून हौदात घ्यायचं, त्यासाठी ना जाळी ना कापड, फक्त दगडातली वळणं. शोभा म्हणून पाहिली तर शोभा, काम म्हणून पाहिलं तर काम. बाटली रिकामी झाल्यावर त्यांनी पन्हळीतली माती बोटाने पुसून काढली. रोज कुणाला ना कुणाला ते हे दाखवत असणार, तरी पाणी निवळताना पाहून त्यांचाच चेहरा खुलला होता.

याच आवारात चंपा बावडी आहे. वरून पाहिली तर साधी विहीर. पण तिच्या पाण्याच्या पातळीला भिडून जमिनीखाली खोल्या काढल्या आहेत, एकीतून दुसरीत जाता येतं, आणि वैशाखाच्या दुपारी तिथे उतरलं की अंगाची लाही थांबते. बाजूला हमाम. त्याच्या घुमटाला ताऱ्यांच्या आकाराची छिद्रं, त्यातून उजेड आत यायचा. गरम पाण्याची वाट वेगळी, थंड पाण्याची वेगळी. पलीकडे हिंडोळा महाल, त्याच्या भिंती सुमारे 77 अंशांच्या कोनात आत कललेल्या. जरा पुढे उजाला बावडी आणि अंधेरी बावडी. एक उघडी, उजेडाची. दुसरी वरून झाकलेली. झाकलेल्या विहिरीतलं पाणी उन्हाने कमी उडतं, हे कुणी पुस्तकात वाचून केलेलं नव्हतं.

सागर तलाव, रेवा कुंड, लहानमोठी असंख्य तळी. गावातली माणसं बाराशे तलाव होते असं सांगतात. हा आकडा कुणी मोजून लिहिलेला नसावा, पण गडावर दिवसभर पायी हिंडलं की तो फार फुगवलेलाही वाटत नाही. दर दोन शेतांमागे एखादा बांध, एखादं कोरडं टाकं, पायऱ्यांचा एखादा तुटका भाग लागतोच.

रूपमतीच्या मंडपाचंही तेच. गडाच्या दक्षिण टोकावरची ही इमारत मुळात टेहळणीची. निमाडातून कोण चढून येतं आहे हे पाहायला सैनिक तिथे बसत असत. वरच्या छत्र्या मागाहून चढल्या. खालच्या मजल्याला गच्चीवरचं पाणी जमवणारं टाकं आहे. आणि ज्याला आपण बाज बहादूरचा महाल म्हणतो, त्याच्यावरचा शिलालेख सांगतो की तो 1508-09 मध्ये नासिरुद्दीन खिलजीने बांधला, म्हणजे बाज बहादूर गादीवर येण्याच्या सुमारे 45 वर्षं आधी. शेजारचं रेवा कुंड या महालाला पाणी पुरवायचं, त्या उचललेल्या पाण्याच्या कमानी अजून उभ्या आहेत.

यामुळे रूपमती खोटी ठरत नाही. 1561 मध्ये अकबराचा सरदार अधम खान माळव्यावर आला, सारंगपूरपाशी बाज बहादूरचा पराभव झाला, तो पळाला आणि रूपमतीने विष घेतलं. 1599 मध्ये अहमद उल उमरीने ही कथा फारसीत लिहिली आणि 1926 मध्ये क्रंप यांनी ती इंग्रजीत नेली. त्यानंतर सिनेमा आला. 1957 चा ‘रानी रूपमती’, मग 1977 मध्ये गुलजारांचा ‘किनारा’, ज्याचं चित्रीकरण मांडूत झालं. बाज बहादूर पुढे अकबराच्या दरबारात गेला आणि अबुल फजलने त्याचं नाव दरबारच्या गायकांमध्ये नोंदवलं. राज्य गेलेला राजा गाणारा म्हणून उरला. मला त्या प्रेमकथेइतकंच हेही चटका लावणारं वाटतं.

राजवंशांची जंत्री मी फार देणार नाही. परमारांच्या काळात हा मंडपदुर्ग होता. 1305 मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजेने माळवा घेतला. 1401 मध्ये दिलावर खान घोरी स्वतंत्र झाला, त्याच्या मुलाने, होशंगशाहाने, राजधानी धारहून इथे आणली आणि गावाला शादियाबाद म्हणू लागले. जामा मशीद होशंगशाहाने सुरू केली, 1454 मध्ये महमूद खिलजीने पुरी केली. मशिदीच्या मागे होशंगशाहाची संगमरवरी कबर आहे. तिच्या दाराच्या चौकटीवर 1659 सालचा एक लेख आहे. शहाजहानच्या पदरचे चार वास्तुकार इथे येऊन नमस्कार करून गेले, त्यांत उस्ताद हमीद एक, असं तो लेख सांगतो. ताजमहाल नुकताच बांधून झालेला असताना त्या दरबारचे कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका आडवाटेच्या कबरीपुढे मान तुकवायला आले! कारागिरांची आपसातली ही कदर वाचताना मला भरून येतं.

महमूदनंतर गियासुद्दीन. 1469 मध्ये तो गादीवर बसला आणि त्याने जाहीर केलं की बापासाठी आपण उभा जन्म लढलो, आता राज्यकारभार मुलाने पाहावा, आपण आराम करणार. त्याच्या जनानखान्यात पंधरा हजार बायका होत्या ही कथा जहांगीरनेही लिहून ठेवली आहे. बायकांचा आकडा बाजूला ठेवू. त्याने मागे ठेवलेली खरी चीज म्हणजे ‘निमतनामा’ हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ. गियासुद्दीनने सुरू केला, मुलगा नासिरुद्दीनने पुरा केला. मजकूर फारसी, मधूनमधून देशी शब्द, आणि पन्नास चित्रं. बहुतेक चित्रांत पिळदार मिशांचा सुलतान बसलेला आहे आणि भोवती बायका चुलीवर काहीतरी शिजवत आहेत, गाळत आहेत, कुटत आहेत. समोसे आहेत, वडे आहेत, सरबतं आहेत, विडे कसे लावायचे ते आहे, अत्तरं आणि उटणी आहेत, शिकारीला जाताना बरोबर काय न्यावं तेही आहे. मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, कारण ते अजून समुद्रापलीकडेच होते. हा ग्रंथ पुढे टिपू सुलतानाच्या संग्रहात होता, 1799 नंतर इंग्रजांच्या हाती गेला आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. नोरा टिटली यांनी 2005 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

हे पुस्तक मराठीत यायला हवं असं मला फार वाटतं. पेशव्यांच्या पंगतींची वर्णनं आपण आवडीने वाचतो. त्याच्या अडीचशे वर्षं आधी, खानदेशच्या वेशीपलीकडे, कापूर, गुलाबपाणी, चिंच, वेलची आणि तूप यांच्यात एवढे प्रयोग चालले होते. आणि या सगळ्या सरबतांना, गुलाबपाण्याला, उटण्यांना पाणी लागत होतं. पावसाचं, वळणांमधून निवळलेलं.

याच काळातल्या मांडूबद्दल जैन मंडळी एक आख्यायिका सांगतात. गडावर एखादं नवं जैन कुटुंब वस्तीला आलं की प्रत्येक घरातून त्याला सोन्याचं एक नाणं आणि एक वीट मिळायची. नाण्यांनी धंदा उभा राही, विटांनी घर. 1439 सालचं मांडूचं सचित्र कल्पसूत्र आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तेव्हा इथे श्रीमंत आणि रसिक जैन वस्ती होती यात शंका नाही. आख्यायिका खरी असो नसो, आलेल्याला घर बांधून द्यायचं हा तिच्यातला विचार मला पुढे पुन्हा आठवणार आहे.

1531 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने मांडू जिंकलं आणि सुलतानांची सलग सत्ता संपली. हुमायून आला, शेरशाह आला, मग अकबर. राजधानीचा मान गेला, माणसं पांगली, आणि कमी माणसांत एवढी तळी सांभाळणं अशक्य झालं असणार. 1617 मध्ये जहांगीर मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत इथे मुक्कामाला राहिला. त्याने आधी माणूस पाठवून पडक्या इमारती दुरुस्त करून घेतल्या, त्यावर तीन लाख रुपये खर्चले. पावसाळ्यातल्या मांडूची हवा आणि हिरवळ यांवर तो इतका खूष झाला की आठवणींत त्याने मोकळ्या मनाने स्तुती केली आहे. नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले ते इथलेच. दख्खनेत मलिक अंबरला नमवून शहजादा खुर्रम परतला तेव्हा त्याला ‘शहाजहान’ हा किताब मिळाला, तोही मांडूत.

पण बादशहाबरोबर इंग्रजांचा वकील सर टॉमस रो होता आणि त्याच्या रोजनिशीत दुसरं मांडू दिसतं. पाऊस लागण्याआधीच्या महिन्यांत पाण्याच्या टंचाईने छावणी मेटाकुटीला आली होती. रो एका ओसाड जागेत राहत होता. रात्री सिंह आवारात शिरायचा, शेळ्यामेंढ्या न्यायचा, एकदा त्याने रोचा पांढरा छोटा कुत्राही मारला. जहांगीर आणि रो यांची वर्णनं एकाच वर्षातली, एकाच गावातली. एकाने पाऊस पाहिला, दुसऱ्याने उन्हाळा. मांडू समजून घ्यायचं तर दोघांना शेजारी शेजारी ठेवून वाचावं. आजही गावात तसंच आहे. श्रावणात इंदूरहून, बडोद्याहून, जळगाव-धुळ्याहून गाड्यांच्या रांगा लागतात. मे महिन्यात पाहुणे पांगतात आणि गावकरी पाण्याच्या मागे असतात.

आता मराठ्यांचं. 29 नोव्हेंबर 1728 रोजी धारजवळ अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला, त्यात तो मारला गेला. माळवा मराठ्यांचा झाला. होळकर इंदूरला, शिंदे उज्जैनला, पवार धार आणि देवासला. पवार स्वतःला परमारांचे वंशज मानत, म्हणून परमार राजा भोजाच्या धार नगरीत त्यांचं येणं हे परतणं आहे अशी घराण्याची श्रद्धा. मांडवगड धारकरांकडे आला तेव्हा तो जंगलाने गिळला होता. दरबार भरवायला तिथे कुणी गेलं नाही. पण गडावर चतुर्भुज रामाचं मंदिर आहे ते पवारांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात उभं राहिलं. पुण्याहून आलेल्या एका महंताला स्वप्नात मूर्ती दिसली आणि खोदल्यावर ती तळघरात सापडली, असं सांगतात. चार हातांचा राम सहसा कुठे दिसत नाही. मावशीचा नमस्कार त्यालाच असावा असं आता वाटतं.

मांडूला जंगलातून बाहेर काढलं तेही बरंचसं धार दरबारने. 1902 च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झन येऊन गेले. त्याच सुमारास इमारतींवरची झाडं काढणं, घुमट सावरणं सुरू झालं. या कामाच्या भोवती वावरणाऱ्यांत काशिनाथ कृष्ण लेले यांचं नाव मराठी माणसाने आठवणीत ठेवावं असं आहे. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे ते प्रमुख. 1903 मध्ये धारच्या भोजशाळेत शिळांवर कोरलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका त्यांनी उजेडात आणली, 1908 मध्ये ल्युअर्ड यांच्याबरोबर परमारांचा इतिहास लिहिला. पुढे 1929 मध्ये गुलाम यझदानी यांचा मांडूवरचा मोठा ग्रंथ धार संस्थानाच्या पुढाकाराने निघाला. मांडूवर लिहिणारा प्रत्येक जण आजही त्याच्या आधारानेच चालतो. एका लहान मराठी संस्थानाने, हैदराबादच्या एका मुसलमान विद्वानाकडून, सुलतानांच्या राजधानीवर ग्रंथ लिहवून घेतला आणि तो छापला. धारच्या दरबाराबद्दल मला जो आदर आहे त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

नीळकंठाचं देऊळ हे अशा मिसळण्याचं आणखी एक ठिकाण. दरीच्या कड्यावर, पायऱ्या उतरून जायचं. मूळ इमारत 1574 मध्ये अकबराच्या पदरच्या शाह बुदाग खानाने बांधलेला विश्रांतिमहाल. आज गाभाऱ्यात शिवलिंग आहे, सोमवारी गर्दी असते. भिंतीवर फारसी लेख आहेत, त्यांत अकबराच्या दख्खन आणि खानदेशच्या विजयाची नोंद आहे. आणि अंगणात पुन्हा तीच वळणांची पन्हळ, पाणी झुळझुळत कुंडात जातं. बेल वाहायला आलेली बाई त्या पाण्यात हात बुडवते आणि डोळ्यांना लावते.

मांडूच्या झाडांबद्दल वेगळं सांगायला हवं. आपण जिला गोरखचिंच म्हणतो ती इथे खुरासानी इमली. मूळची आफ्रिकेची, सुलतानांच्या काळात व्यापाऱ्यांबरोबर किंवा हबशी सैनिकांबरोबर आली असं मानतात. वसई-मुंबईत तिची तुरळक झाडं आहेत, मांडूत मात्र ती गावाचीच होऊन बसली. पाण्याच्या गावाला झाडही असं भेटलं की जे आपल्या खोडात पाणी धरून ठेवतं. बुंधा एवढा जाड की चार-पाच माणसांनी हात धरले तरी कवेत येऊ नये. पावसाळ्याबाहेर पानं गळतात आणि नुसत्या फांद्या उरतात. फळ हातभर दोरीला टांगल्यासारखं लोंबतं, वर मखमली साल, आत पांढरा आंबटगोड गर. रस्त्याच्या कडेला भिल्ल बायका फळं मांडून बसतात. एकीने फोडून गर हातावर ठेवला, ‘चखो तो सही, भैया’, आणि मी चाखून होईपर्यंत दुसरं फळ कागदात गुंडाळलंही होतं.

2022 मध्ये हैदराबादजवळच्या एका खासगी उद्यानासाठी मांडू परिसरातली काही जुनी झाडं मुळासकट उपटून न्यायचं काम सुरू झालं. झाडं शेतांत उभी, शेत ज्याचं त्याचं, पैसे हातात मिळत होते. तरी गावकरी ट्रेलरपुढे उभे राहिले. प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेलं आणि झाडं हलवण्याला लगाम बसला. ज्या शेतकऱ्याने झाड विकलं त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. एवढं अवाढव्य झाड शेतात असलं की त्याच्या सावलीत पीक येत नाही, आणि जपल्याबद्दल त्याच्या हातावर कुणी काही ठेवत नाही. पण ते शतकानुशतकांचं झाड गाडीवर घालून दुसऱ्या राज्यात शोभेला नेता येतं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

आपलं गाव गावकऱ्यांनीच कसं जपावं हे पाहायला इथे मी जपानमधल्या एका गावाकडे वळतो. नागानो प्रांतातल्या किसो दरीत त्सुमागो नावाचं डोंगरी गाव आहे. एदो ते क्योतो या जुन्या नाकासेन्दो मार्गावरचं मुक्कामाचं ठाणं. रेल्वे आली ती दुसरीकडून, वाटसरू आटले, तरुण शहरात गेले, लाकडी घरं मोडकळीला आली. 1968 पासून घरं दुरुस्त होऊ लागली आणि 1971 मध्ये गावकऱ्यांनी आपसांत एक सनद केली. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. जपान सरकारने 1976 मध्ये जुन्या वस्त्या जपण्याची यादी केली तेव्हा पहिल्याच खेपेला त्सुमागो तिच्यात होतं. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी चालत नाहीत, विजेच्या तारा नजरेआड आहेत. जाड गवती छपरांसाठी जगभर नावाजलेल्या शिराकावा-गो या गावानेही 1971 मध्येच असे तीन नियम केले, आणि 1995 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

या गावांवर जगभरातून माणसं जीव टाकतात. त्यांची लाकूड-कागदाची घरं देखणी आहेतच, पण मला हेवा वाटतो तो त्या सनदेचा. नियम आधी राहणाऱ्यांनी केले, सरकार मागून आलं.

मांडूत उलट झालं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात गडावर चाळीसहून अधिक स्मारकं आहेत. 2010 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक संरक्षित स्मारकापासून 100 मीटर नवं बांधकाम बंद, त्यापुढचे 200 मीटर परवानगीने. कायदा चांगल्या हेतूचा आहे, तो नसता तर जामा मशिदीला चिकटून दुकानं उभी राहिली असती. पण कुठल्याही गावात स्मारक एका कोपऱ्यात असतं, मांडूत गावच स्मारकांच्या मधोमध आहे. बाजार मशिदीसमोर, शाळेची वाट कबरीवरून, कुणाची विहीर तटाला लागून. भिल्ल-भिलाल्यांचे पाडे चाळीसेक किलोमीटरच्या तटाच्या आत विखुरलेले. मातीच्या भिंती, वर कवेलू, अंगणात मक्याची कणसं वाळत टाकलेली. होशंगशाहाच्या कबरीचा घुमट कसा असावा यावर ग्रंथ आहेत. या पाड्यांमधलं घर कसं असावं, त्याची भिंत कशाने लिंपावी, छपराचा उतार किती, हे कुणी मांडलेलं नाही. म्हणून परवानगी मिळाली की सिमेंट आणि पत्रा येतो, कारण दुसरं काही कुणी सुचवलेलंच नसतं.

मांडू 1998 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. ते मुख्य यादीत जावं असं मला मनापासून वाटतं. मात्र त्या कागदांमध्ये या घरांचं एक पान असावं, आणि ते पान लिहायला पाड्यांवरची माणसं बसलेली असावीत. नव्याने आलेल्याला सोन्याचं नाणं आणि वीट देणाऱ्या गावात आधीपासून राहणाऱ्याला वीट मागायची पाळी येऊ नये.

धार जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं पावसाळा संपला की मजुरीला गुजरातेत जातात. मांडूचा गर्दीचा हंगाम श्रावण-भाद्रपदाचा, थोडा डिसेंबर-जानेवारीचा. पर्यटनाचा पैसा हॉटेलांत, गाड्यांत, गाइडांत फिरतो, आणि शेवटी कणीस भाजणाऱ्या बाईपर्यंत पोचतो तो फार बारीक होऊन. म्हणून मराठी वाचकाला माझं सांगणं साधं आहे. रविवारी जाऊ नका. मधल्या वारी जा, दोन रात्री राहा, एका सकाळी सागर तलावाच्या काठाने पायी फिरा. जहाज महाल पाहण्याइतका वेळ चंपा बावडीला द्या. तारापूर दरवाजाकडे जा, तिथून निमाडात उतरणारी जुनी पायवाट आहे. आणि जेवा ते दाल-पानिये.

ते मी ज्यांच्याकडे जेवलो त्यांची बाजारापासून थोडी आत छोटी खानावळ आहे. मक्याचं पीठ मळून, थापून, पळसाच्या पानांत दाबून, गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं. पान करपतं, आतली भाकरी पानाचा वास घेऊन निघते. वर तूप, बाजूला तुरीची दाट डाळ, लसणाची चटणी. ते स्वतः वाढत होते, बायको आरापाशी बसली होती. जेवण झाल्यावर मी वहीत विचारायचे प्रश्न काढले. मांडूसाठी सगळ्यात आधी काय व्हायला हवं, हा पहिला.

त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही. उन्हाळ्यात तळी आटतात तेव्हा गाळ काढायची मोकळीक द्या, ते म्हणाले, एक तळं या वर्षी, एक पुढच्या. स्मारकाला धक्का लागणार नाही याची खूण करून द्या, आम्ही खुणेच्या बाहेर जाणार नाही. ट्रॅक्टर आमचे, डिझेल तुमचं. गाळ आम्ही शेतात टाकू, तो काळा आणि कसदार असतो, त्याचे पैसे आम्ही मागणार नाही. बांधाच्या कडेला इमलीची रोपं लावू, तीही आम्हीच वाढवू. बायको आरापाशी बसूनच म्हणाली, ‘और पहले मुंज तालाब को देखो, उसमें कमल इतना हो गया कि पानी दिखता नहीं.’ यावर दोघांचं एकमत होईना. त्यांना आधी सागर तलाव हवा होता, कारण त्याच्याखाली त्यांच्या भावाची विहीर आहे. मी दोन्ही नावं वहीत लिहून घेतली.